सर आरोपी झाले तो तास

माझी शाळेतली मैत्रीण गेली, त्याला आता काही महिने झाले. तिच्याविषयी लिहायला बसले की आधी नववीतला इतिहासाचा एक तास आठवतो.

नव्वदच्या दशकातली राजारामपुरीतली आमची शाळा. सरांनी ठरवलं, पेशव्याच्या खुनाचा खटला वर्गातच चालवायचा. त्या पेशव्याचा, म्हणजे पुतण्याचाच, खून करवल्याचा आरोप असलेला चुलता व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा सर म्हणाले, "आरोपी मी." न्यायाधीश शास्त्रीबुवा म्हणून त्यांनी माझ्या या मैत्रिणीला नेमलं. ती इचलकरंजीची, इथं मामाकडे राहून शिकणारी. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढूनही तिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत जात नसे.

"हिचा निकाल ऐकायला कर्णा लावाय लागतोय," मागून एक जण म्हणाला. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. मला हळूच म्हणाली, "सरांना मी कसं गं म्हणू, तुम्ही खुनी म्हणून?"

सर आरोपी होऊन दारातून आत आले आणि सवयीनं सगळा वर्ग उठून उभा राहिला. साक्षीदार, कारकून आणि सरांच्याच खुर्चीत बसलेली न्यायाधीशसुद्धा.

"आरोपीसाठी न्यायाधीश उठत नाहीत," असं म्हणून सर परत बाहेर गेले. पुन्हा आले. ती पुन्हा उठली. वर्ग हसला, सर हसले नाहीत. "ही उठली की खटला संपला," एवढंच बोलून ते बाहेर गेले.

त्यानंतर ते आले तेव्हा आम्ही सगळे उठलो. ती बसून राहिली, दोन्ही हात टेबलावर घट्ट दाबून.

साक्षी झाल्या. सर फार छान खोटं बोलले. मला तर ते निर्दोष वाटू लागले. शेवटी म्हणाले, "शास्त्रीबुवा, आम्ही राज्याचे धनी. आम्हाला शिक्षा कोण देणार?"

"मी," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं. "खून तुम्हीच करवलात. याला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरी शिक्षा नाही."

सरांनी मान खाली घातली. ते सोंग वाटलं नाही.

मधल्या सुट्टीत नळावर मी तिला विचारलं, "भ्या वाटलं न्हाय व्हय तुला?"

"लई वाटलं की. म्हणून तर टेबल दाबून बसलते." ओंजळीनं पाणी पिऊन तिनं तोंड पुसलं. "पण खून केलताच की त्यांनी."