फोनवर मला मारलं

"तितंच थांब. दाराला हात लावू नगंस."

काकींनी फोन खिडकीत आणला, पण माझ्या हातात दिला न्हाई. सांगलीच्या दवाखान्यातली सिस्टर पलीकडनं विचारत व्हती. काकी ऐकायच्या आन् अंगणात उभ्या असलेल्या मला वरडून विचारायच्या.

"गोळ्या खातीस का? त्या एड्सच्या?"

अंगणात शेंगा निवडणाऱ्या बायांचं हात थांबलं. एकीनं पोराला जवळ वढून घेतलं. मी नुसती मान हलवली. मान हलवलेली सिस्टरला कशी दिसणार?

आष्ट्यात आमच्या बौद्धवस्तीत तवा कुणाकडंच फोन नव्हता. मी काकींच्या रानात भांगलायला जायची, म्हणून दवाखान्यात त्यांचा नंबर दिलेला. नवरा मुंबईला गोदीत व्हता. एड्स घिऊनच आला आन् त्यातच गेला. मागनं मलाबी त्योच लागला, वर टीबी झाला. सिस्टर म्हणाली व्हती, "मूळ आजारावरच्या गोळ्या परदेशात निघाल्यात, आपल्याला अजून परवडत नाहीत. टीबीच्या तरी सोडू नका. दर सोमवारी मी फोन करीन." त्या फोनचा लय आधार वाटायचा. कुणीतरी माझी वाट बघतंय, असं वाटायचं.

त्या दिसानंतर मला कामावर कुणी बोलवंना. शाळंत पोरीच्या शेजारी कुणी बसंना. सोमवार आला की मी घरात बसून ऱ्हायची. मग गोळ्याबी सुटल्या. कशाला खायच्या, कुणासाठी, काय कळंना. खोकल्यातनं रगात पडाय लागलं. पोरगी एकलीच भाकरी थापायला शिकली. ते बघितलं आन् मी सांगलीची एसटी धरली.

मला बघून सिस्टर खुर्चीतनं उठलीच.

"तुम्ही? अहो, मी फोन केला तर त्या बाई म्हणाल्या, ती गेली."

नव्यानं गोळ्या घेतल्या, परत आले. स्टँडवरनं सरळ पेठंत गेले. आजवर कवा चढले नव्हते, त्या काकींच्या सोप्यावर जाऊन बसले. काकींचं मालक पेपर वाचत व्हते.

"आगं, ऊठ तितनं," काकी म्हणाल्या.

"आदी फोन लावा. मी जिती हाय म्हणून सांगा."

"दर सोमवारी तुझ्या फोनला कोण उठणार? म्हणून सांगितलं. तसंबी किती दिस ऱ्हायल्यात तुझं?"

वाटलं, खरंच हाय की त्यांचं. तरी उठले न्हाई.

"किती का असंनात. लावा फोन."

काकींनी मालकांकडं बघितलं. मालकांनी पेपर वर धरला. मग काकींनी नंबर फिरवला आन् हळूच म्हणाल्या, "ती हाय. जिती हाय."

"मोठ्यानं सांगा," मी म्हणाले. "त्या दिशी वरडला व्हता तसं."

त्यांनी सांगितलं. अंगणापतोर ऐकू गेलं.

त्यानं माझा आजार गेला न्हाई. कामबी मिळालं न्हाई. टीबीच्या गोळ्या पयल्यापासनं सुरू कराव्या लागल्या. आता सोमवारी मी स्टँडवरच्या बूथवरनं सिस्टरला फोन करते. माझं नाव घेते, गोळी घेतली म्हणून सांगते. रांगंतली माणसं मागं सरत्यात. सरू देत.

परदेशातलं ते मोठं औषध आमच्यापतोर कवा यील, कोण सांगत न्हाई. मी गेल्यावरबी यील. पण आता कुणाच्या सोयीनं मी मरणार न्हाई.