भोगीचा रस्ता

देवासहून धारला सायकलने जायचं तर बाबा बडनगर-बदनावरवरूनच जायचे. त्यांच्या कागदी नकाशावर तो रस्ता पेन्सिलने ओढलेला होता, आणि घड्या फाटल्या तिथे चिकटपट्टी. बदनावरला माझी आत्या राहायची. भोगीच्या संध्याकाळी तिच्याकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी खायची, मुक्काम करायचा आणि संक्रांतीला धार गाठायची, काकांकडे. मी कॉलेजात गेल्यापासून दरवर्षी आम्हा दोघांचं हेच. कोणी कोणाला कळवत नसे.

पुढे मला नोकरी लागली आणि ऑफिसच्या कंप्युटरवर नकाशे दिसू लागले. इंदूरवरून सरळ रस्ता सापडला. मी प्रिंट काढून बाबांपुढे टाकली आणि हसून म्हटलं, इतकी वर्षं हा द्राविडी प्राणायाम कशाला केला? आत्याकडे येताना जाऊ. ते चष्मा लावून प्रिंट बघत राहिले. "तू म्हणतेस तर तसं," एवढंच म्हणाले.

भोगीच्याच संध्याकाळी आम्ही धारला पोचलो. मी काकांना प्रिंट दाखवून शेखी मिरवत होते, तेवढ्यात फोन वाजला. मीच उचलला. आत्या होती.

"तुम्ही धारला? सायकल बिगडली का गं रस्त्यात? शेजारच्या पोराला, भियाला बडनगर रोडवर पाठवलंय तुम्हाला बघायला. भाकऱ्या झाकून ठेवल्यात."

मला शरम वाटली. "पंक्चर झालं आत्या," मी म्हणाले, "म्हणून सरळ इकडे आलो." बाबा शेजारीच उभे होते.

फोन ठेवल्यावर मी त्यांच्यावरच चिडले. तुम्ही तिला कळवलं का नाही? ते हळूच म्हणाले, "रस्ता तू ठरवलास. मला वाटलं, कळवलंही तूच असशील."

संक्रांतीला आम्ही बदनावरला गेलो. आत्यानं तिळगूळ दिला, मग कालच्या भाकऱ्या गरम करून वाढल्या. पंक्चर कसं झालं, तिनं मला विचारलं. मी ताटात बघत राहिले.

रात्री ट्यूब तपासल्याशिवाय बाबा कधी सकाळी निघाले नव्हते, हे आत्यालाही ठाऊक होतं. तरी उत्तर बाबांनीच दिलं.

"माझी चूक झाली, अक्का. यंदा ट्यूब बघायची राहिली."

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या भाकरीवर आणखी लोणी घातलं.