जिजीच्या फोनमधल्या अकरा गोष्टी

“त्या औषधाचं नाव सांगा. नाव कळल्याशिवाय मी सुई टोचणार नाही, आणि थांबायलाही वेळ नाही,” डॉक्टर म्हणाला. नंदुरबारच्या एका दवाखान्यात मी खाटेवर पडले होते. ताप छातीत उतरला होता आणि श्वास अर्ध्यावरून परत फिरत होता. दोन वर्षांपूर्वी एका इंजेक्शनने माझं अंग सुजून गळा बंद झाला होता. तेव्हाच्या डॉक्टरने लाल शाईने चिठ्ठी लिहून दिली होती की हे औषध या बाईला पुन्हा कधी द्यायचं नाही. चिठ्ठी वाळवीने खाल्ली. तिचा फोटो माझ्या पुतण्याच्या, भटूच्या फोनमध्ये होता. भटूच्या फोनमध्ये सगळंच होतं. तो माझ्या पायाशी उभा राहून अंगठ्याने फोटो वर सारत होता. लग्नं, मिरचीचे ढीग, फुलांवर लिहिलेले शुभ सकाळ, कुणाची तरी नवी मोटारसायकल.

“शे, काकू, शे. मन्हा फोनमाच शे,” आहे, आहे, असं तो आमच्या अहिराणीत म्हणत होता. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

“सरक,” जिजी म्हणाली.

जिजी म्हणजे माझी मोठी जाऊ, भटूची आई. आमच्या गावी, कोरीटला, सगळी गल्ली तिला जिजीच म्हणायची. चाळीस वर्षं आम्ही एका चुलीवर स्वयंपाक केला. प्रेम वगैरे आम्ही कधी बोललो नाही. भांडलो मात्र पुष्कळ.

दिवा लागल्यावर घर झाडायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरीलाही माहीत असतं. जिजीने तोच नियम फोनला लावला होता. दिवस मावळायच्या आधी ती अंगण झाडायची, हात धुवायची, ओट्यावर बसायची आणि फोन झाडायची. एकेक फोटो उघडायचा, नीट बघायचा, पुसायचा. एकदा पाहुणे आले, तिला उशीर झाला आणि सुनेने दिवा लावून टाकला. आता पुसता येईना. मग जिजीने तो फोन घरात आणलाच नाही. कचऱ्यासकट ओसरीवर सुपाखाली झाकून ठेवला आणि सकाळी झाडला. भटू हसून हसून खोकला. ती म्हणाली, “हास. तुन्हा फोनमा किती वरीसना कचरा शे, तुले तरी ठाऊक शे का?”

फोन घ्यायला भटूने तिला दुकानात नेलं, तेव्हा मीही होते. दुकानदार गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्यावर आम्हा दोघींचाही विश्वास नाही. तो म्हणाला, “मावशी, दोनशे छप्पनचा घ्या. आत जागाच जागा.”

जिजीने फोन उलटा करून पाहिला. “आमना घरमा सहा माणसं नि तीन खोल्या शेत. कोनी बाहेर झोपत नही. ह्या फोनमा कोन ऱ्हास?”

“पुढे कमी पडेल हो, मावशी.”

“कमी पडनं ते पुसी टाकसू.”

तिने सगळ्यात लहान जागेचा फोन घेतला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “इतली जागा कसाले जोयजे? काही तरी दपाडनं व्हई.” म्हणजे एवढी जागा कशाला हवी, काहीतरी लपवायचं असेल. भटूने दोनशे छप्पनचा घेतला, त्या दिवसापासून ती त्याच्याकडेही तसंच बघायला लागली. तो फोन घेऊन बाहेर गेला की ती दारापर्यंत जाऊन यायची.

माझा संशय उलटा होता. मी चौथीपर्यंत शिकले, पण एवढं मला कळतं की जे माणूस रोज पुसतं, त्याच्याकडे पुसण्यासारखं काहीतरी असतं. मी जवळ जाऊन बसले की जिजी फोन आपल्याकडे वळवून घ्यायची. मला वाटायचं, नदीकाठच्या शेताचं काहीतरी तिच्या मुलीच्या नावावर चाललंय आणि लेक-माय मला डावलून बोलतायत. मी तोंडाने काही काढलं नाही, पण डोळा ठेवून होते. एकदा विचारलंच.

“जिजी, रोज काय पुसस इतलं?”

“तुले कसाले जोयजे?”

“असंच.”

“असंच नही. तू तीन दिनथून देखी ऱ्हायनी.”

तेवढं तिचं चुकलं. मी आठ दिवसांपासून बघत होते.

भटू तिला समजवायचा. “माय, पुसेल वस्तू परत येत नही.” त्यावर तिचं एकच ठरलेलं उत्तर होतं, “ठेयेल वस्तू तरी कोठे सापडस?” आणि खरंच, मागितलेली गोष्ट भटूला कधी सापडली नाही. बियाण्याची पावती नाही, आधारकार्ड नाही. फोनमध्ये आहे, एवढं मात्र तो छातीठोक सांगायचा.

तर त्या दुपारी जिजीने त्याला कोपराने बाजूला केलं. पिशवीतून रुमालात गुंडाळलेला फोन काढला, गाठ सोडली आणि बोटाने एकदाच दाबलं. लाल शाईची चिठ्ठी वर आली. डॉक्टरने वाचली. हातातली सुई खाली ठेवली आणि म्हणाला, “बरं झालं दाखवलंत. मी हेच देणार होतो.” मग त्याने दुसरं औषध मागवलं.

संध्याकाळी मला जरा श्वास यायला लागला तेव्हा मी तिचा फोन मागितला. तिने काढून दिला. आत अकरा फोटो होते. पहिला माझ्या चिठ्ठीचा. मग भटूचा रक्तगट, रेशनकार्ड, नातीच्या लसींचा कागद, विजेच्या मीटरचा आकडा, असंच. शेताचं काही नव्हतं. इतके दिवस मी हेरत होते ते हे. मला लाज वाटली का? थोडी वाटली. तिला मी ती सांगितली नाही.

फोन परत देताना तिचा हात लागला.

“तुन्हा हात तपेल शे, जिजी.”

“ऊन लागनं,” ती म्हणाली आणि हात पदराखाली घेतला.

तो माझाच ताप होता. तिने अंगावर काढला. दुसऱ्या दिवशी स्टुलावरून घसरली आणि तिला माझ्या शेजारच्या खाटेवर घातलं. डॉक्टरने मशीनवर तिच्या छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, “आधी कधी अशी पट्टी काढली होती का? जुनी असेल तर दाखवा. हृदयाचं हे दुखणं जुनं की कालचं, ते कळेल.”

काढली होती. चार वर्षांपूर्वी गावात तपासणीला गाडी आली होती, तेव्हा. भटूने फोटो काढून तिलाही पाठवला होता. मी खाटेवरून विचारलं, “जिजी, तुन्ही पट्टी कोठे शे?”

“पुसी टाकी.”

“कसाले?”

“मन्ही छातीना फोटो कोन देखस?”

अकरा गोष्टी तिने जपल्या, त्यात तिची स्वतःची एकही नव्हती. भटू पुन्हा अंगठा फिरवायला लागला. “शे, माय, शे.” या वेळी त्याला कोणी सरक म्हणालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जिजी गेली.

भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता. तिच्या फोनमध्ये तो असणार नव्हताच. भटूच्या फोनमध्ये तिचे ढीगभर निघाले, पण जवळजवळ सगळ्यांत तिने पंजा पुढे केलेला. फोटो काढला की ती म्हणायची, “पुस ते.” त्याने त्यातल्या त्यात बरा मोठा करून आणला. भिंतीवरही तिचा हात पुढे आलेलाच आहे.

ते फोटो शोधताना पट्टी सापडली. मिरचीचा ढीग आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, यांच्या मधे होती. भटूने ती मोठी करून पाहिली. फोन माझ्याकडे वळवला आणि अंगणात निघून गेला.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, “आजी, ती पट्टी वेळेवर मिळाली असती तरी फार फरक पडला नसता.” माझा यावर पूर्ण विश्वास नाही. मागे राहिलेल्यांना डॉक्टर असंच सांगत असतील.

फोन किती जागेचा घ्यावा, असं गल्लीतल्या सुना मला विचारतात. दुकानदाराचं मला तेव्हाही पटलं नव्हतं. जिजीचंही आता सगळं पटत नाही. भटूने तर पाचशे बाराचा घेतलाय. त्यात काय आहे ते त्याला माहीत नाही.

जिजीचा फोन माझ्याकडे आहे. दिवा लावायच्या आधी मी तो झाडते. अकराच्या जागी आता बारा फोटो आहेत. बारावा तिच्या छातीच्या पट्टीचा. त्याचा कुणाला उपयोग नाही. तरी पुसत नाही.

एका घरातून, एकाच तापाने आम्ही दोघी त्या दवाखान्यात पडलो होतो. परत मी आले.