मुद्देमालातलं कासव

नोकरीत मी खुनाचे, दरोड्यांचे बरेच तपास केले. त्यातले पुष्कळसे आता धूसर झालेत. कन्नड मुलखाच्या सीमेवरच्या भालकीच्या ठाण्यात एका थंडीच्या सकाळी आलेली बाई मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तिचं कासव चोरीला गेलं होतं.

साल सत्तरनंतरचं. मी तिथे फौजदार होतो. बाई तालुक्यातल्याच मेहकर गावच्या, निवृत्त शिक्षिका. पती वारलेले, मूलबाळ नाही. त्या मराठीत सांगत होत्या आणि जमादार कन्नडमध्ये फिर्याद लिहून घेत होता. ‘कासव’ ऐकताच त्याने लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी लिही म्हणून खूण केली.

“पाठीवर चांदण्यांसारख्या पिवळ्या रेघा हायेत,” बाई म्हणाल्या. “डाव्या अंगाला भाजल्याचा डाग हाय. बांधावरचं गवत पेटलं होतं, त्यात ह्यांना सापडलं. मुठीत मावत होतं तवा. ह्यांनीच वाढवलं.”

“ठेवत कुठे होता?”

“लाकडी खोक्यात. एका टोकाला वर बल्ब. दुसरं टोक गार ठेवायचं, म्हणजे तापलं की त्याला सरकता येतं. रात्री बल्ब बंद, अन् गोणपाटात गुंडाळलेली कोमट वीट. सकाळी अंगणात ऊन द्यायचं. खिडकीच्या काचेतनं आलेलं ऊन पुरत न्हाई, कवच मऊ पडतं. ऊब न्हाई मिळाली की ते अन्न सोडतं, साहेब.”

चोराने घरातल्या दुसऱ्या कशालाही हात लावला नव्हता, तिथेच मला शंका आली, की त्याला कासवच हवं होतं. दोन दिवसांत बसस्टँडवरच्या खबऱ्याने बातमी आणली. मंठाळकडच्या माळावर काही लोक गुप्तधन काढणार होते, अमावास्येला कासवाचा बळी देऊन. कासव पुरवणारा माणूस मेहकरचाच, एवढंच त्याला ठाऊक होतं. अमावास्या तोंडावर आली होती.

बाईंच्या घरात शेजाऱ्याशिवाय कुणाचं येणं-जाणं नव्हतं. बल्बची वायरसुद्धा त्यानेच जोडून दिली होती. त्याला ठाण्यात आणला.

“मला काय म्हाईत? मी कामून नेऊ तिचं कासव?” त्याचं हे एकच पालुपद चालू होतं.

दमदाटीने तो आणखी मिटला असता. मी चहा मागवला. उसाची, पाण्याची चौकशी केली. तो जरा सैलावला, तेव्हा सहज म्हणालो, “बाईंचं वाईट वाटतं. त्यांनी जेवण सोडलंय.”

“त्यानं बी सोडलंयच की,” तो बोलून गेला.

जमादाराने मान वर केली. मी विचारलं, “त्यानं म्हणजे कुणी?”

त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि तोंड ओंजळीत धरलं.

कासव त्याच्या गोठ्यात, कडब्याखालच्या पत्र्याच्या पेटीत निघालं. दगडासारखं गार, मान-पाय आत ओढलेले. पंच म्हणाले, मेलंय. जमादाराने पंचनाम्यात ‘मृत’ लिहिलंही. तेवढ्यात, ओळख पटवायला सोबत आणलेल्या बाईंनी ते उचलून पदराखाली धरलं.

“थांबा. मेलं न्हाई ते. गारठलंय.”

ठाण्यात आणून आम्ही त्याला बाईंच्या घरून आणलेल्या खोक्यात ठेवलं. जमादाराने बल्ब अगदी पाठीवर टेकवला, तो बाईंनी वर घ्यायला लावला. “भाजंल. हळूहळू येऊ द्या ऊब.” दुपारी खोकं अंगणात उन्हाला ठेवलं. बऱ्याच वेळाने एक पाय बाहेर आला, मग मान. जमादाराने ‘मृत’ खोडून ‘जिवंत’ लिहिलं आणि पंचांच्या पुन्हा सह्या घेतल्या. गुप्तधन काढणाऱ्यांची नावं शेजाऱ्याने सांगितली होती. टोळीही अमावास्येआधी आमच्या ताब्यात आली.

कोर्टाचा हुकूम येईपर्यंत कासव मुद्देमाल म्हणून ठाण्यातच राहिलं. बाई रोज पहिल्या बसने येत. बल्ब लावत, उन्हामागे खोकं सरकवत, जास्वंदीची फुलं चारत. शिपायांच्या मुलांची नावं त्यांना पाठ झाली. जमादार त्यांच्या वाटणीचा चहा झाकून ठेवू लागला.

एकदा मी विचारलं, “घरी बोलता कुणाशी?”

“ह्याच्याशीच. ह्यांच्या हातची सवय आता ह्यालाच तेवढी हाय, साहेब. दुसरं कोण राहिलंय त्यांना वळखणारं?”

वन्यप्राण्यांचा कायदा नवीन होता, त्यात असं कासव घरी पाळणंही बसत नव्हतं. बाईंवर कारवाई नको, कासव त्यांच्याकडेच राहू द्यावं, असं मी लेखी कळवलं होतं. कारवाई टळली. कासव मात्र वनखात्याकडे सोपवण्याचा हुकूम आला. वनखात्याची जीप आली तेव्हा बाई रडल्या नाहीत. “ऊन पडतं अशा जागी सोडा,” एवढंच रक्षकाला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने त्या पुन्हा आल्या. पिशवीत जास्वंदीची फुलं होती. येऊन बाकावर बसल्या.

“बाई, आता ते...”

“म्हाईत हाय, साहेब. पाय इकडंच आले.”

जमादाराने चहा आणून दिला. त्यांनी तो सावकाश प्यायला, प्रत्येकाच्या घरचं विचारलं आणि दुपारच्या बसने गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत. मग माझी बदली झाली.

पुढे कुठल्याही ठाण्यात चोरीची फिर्याद आली की काय गेलं, किती किमतीचं, हे विचारून झाल्यावर मी एक प्रश्न जास्तीचा विचारायचो. घरी तुमच्यासोबत कोण असतं? कोणी नाही, असं उत्तर आलं, की गुन्हा उघडकीला येऊन वस्तू परत मिळाली तरी महिन्या-पंधरा दिवसांनी एखादा शिपाई त्या घरी पाठवायचो. चौकशीला आलोय, असं त्याने सांगायचं आणि थोडा वेळ बसून यायचं.