आमची राधा कट्ट्यावर जाणारच

मंडळी, आज लई डोकं फिरलंय, म्हणून लिहितीय.

आमची राधा नऊ वर्षांची. मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा तिला जन्मापासनंच न्हाय. थेरपी चालू हायच, पण मी तिला रोज दूध कट्ट्यावरबी नेती, जिथं गवळी म्हशी बांधून समोरच धार काढून दूध देत्यात. तिथं ती म्हशींना हात लावती, त्यांची नावं शिकती, दूध स्वतः मागती.

आज गारगोटीहून आलेल्या नणंदबाई तिथंच, सगळ्यांसमोर म्हणाल्या, “डोक्यातच न्हाय, तर शिकवून काय उपयोग? घरात बसव की तिला!”

राधा सरळ म्हशींकडं गेली. तिची लाडकी म्हैस चंद्री आज दुसऱ्याच टोकाला बांधलेली. तरी बरोबर तिच्याच पाठीवर हात ठेवून गवळ्याला म्हणाली, “चंद्रीचं दूध द्या. आत्याला.”

स्कॅन बदलणार न्हाय, मला ठाऊक हाय. पोरगी बदलतीय की! आता तुम्हीच सांगा, घरात कुणाला बसवू?