उजेडाचा मान

आमच्या घरात थोरल्या जाऊबाईंचं सगळं आधी. गुलमंडीत साड्या घ्यायला गेलं की घडी त्यांच्यापुढं उलगडायची. त्यांनी नाकारलेल्यांतून मी निवडायची. एवढी वर्षं हे मी हसून खपवून घेतलं. पण दवाखान्यातही तेच होऊ लागलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

हिरड्या दोघींच्याही बिघडल्या होत्या. दुपारी मागच्या दारी बसून एकाच डबीतली मिश्री आम्ही दातांना लावायचो. रक्तही दोघींचं यायला लागलं. त्यांचा तर पुढचा दात हलत होता. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं आणि विहीणबाईंशी बोलताना यांचा पदर सारखा तोंडाला. छावणीतल्या डॉक्टरीणबाईंनी दोघींचे दात हिरडीच्या आतपर्यंत साफ केले, मिश्री बंद करायला लावली आणि महिन्यानं परत बोलावलं.

महिन्यानं माझं तोंड बघून त्या नुसतं "छान" म्हणाल्या. संपलं. जाऊबाईंना मात्र खुर्चीत झोपवलं, डोळ्यांवर चष्मा चढवला, दात आणि हिरडीमधल्या फटींत निळं औषध सोडलं. मग बारीक नळीतून तिथं लाल उजेड धरला. औषधावर तो पडला की आतले जंतू मरतात म्हणे. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होते. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला सांगू?

घरी आल्यावर जाऊबाईंनी आपल्या निळ्या हिरड्या शेजारणींना दाखवल्या. "आता लाइटीनं बरं करायलेत," म्हणाल्या. कौतुक ऐकवेना म्हणून मी आत जाऊन भांडी आपटली.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंना दारातच गाठलं. "मॅडम, मला बी लाइट लावा की. मी काय कमी हाय का?"

त्या हसल्या नाहीत. "तुमच्या हिरड्या नुसत्या सफाईनं भरून आल्या. त्यांच्या फटी अजून खोल आहेत, म्हणून ही वरून जोड दिली. थोडाफार उपयोग होईल. पण पुढच्या दाताचं हाड फार झिजलंय, तो टिकेलच असं नाही. पहिल्याच दिवशी सांगितलंय मी त्यांना."

म्हणजे हे ठाऊक असूनही बाई शेजारणींसमोर मिरवत होत्या.

बाहेर बाकावर जाऊबाई बसल्या होत्या. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. रागावतील असं वाटलं, पण त्यांनी मला शेजारी बसवलं.

"तुला छान म्हनल्या ना, तवापासून जळायले मी तुझ्यावर," त्या म्हणाल्या. "डबी एकच व्हती गं आपली."

खरं सांगते, क्षणभर मला लई बरं वाटलं. मग आतून त्यांना हाक आली. त्या उठल्या आणि माझ्याकडं बघून हसल्या. माझ्यासमोर आजवर कधी धरला नव्हता, पण या वेळी त्यांनी तोंडाला पदर धरला.