पेठच्या रिंगमधली वाईट बाई

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर वारा पडला की जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो. सुट्टीच्या दुपारी मी कॉलनीच्या गच्चीवरून तो बघत बसते, आणि मग माझीच आठवण मला दुसऱ्या कुणाची तरी वाटायला लागते. काळी जरीची साडी, जांभळे ओठ, केसांचा भला मोठा टोप, खांद्याला लाल पर्स. समोर माणसांनी भरलेलं मैदान, आणि सगळं मैदान मला शिव्या देतंय. त्या शिव्या ऐकताना मला किती शांत वाटायचं, हे मी घरी कधी कुणाला समजावू शकले नाही.

आठवड्याचे सहा दिवस मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. दाखले, हजेरीपट, पालकांच्या तक्रारी. सातव्या दिवशी मी फ्रीस्टाइल कुस्तीतल्या दुष्ट पैलवानाची मॅनेजर. रविवारी सकाळी विहारात बसून खोटं न बोलण्याचं शील म्हणायचे आणि दुपारी टेम्पोत बसून खोटं करायला निघायचे. आई म्हणायची, ‘निदान शील म्हणताना तरी डोळे मिटत जा, मला हसू येतं.’

या धंद्यात मी आले ती चुकून. कॉलनीतल्या जयंतीच्या स्टेजवर माझं निवेदन ऐकून वस्ताद आले होते. नाशिक जिल्ह्यात जत्रांमधून फ्रीस्टाइलचे खेळ लावणारी मंडळी त्यांची. त्यांनी मला पैलवानांची नावं पुकारायला नेलं. पहिल्याच खेळात मी हरलेल्याला विजयी म्हणून पुकारलं. लोक खवळले. चूक कबूल करायची तर माझा स्वभाव आडवा आला, मी माइकवर सांगितलं, ‘मी म्हणते तोच जिंकला.’ मैदान पेटलं. वस्ताद खाली उभे राहून माझ्याकडे नवं जनावर बघावं तसे बघत होते. नंतर म्हणाले, “बाई, टाळ्या कुणीही मिळवतं. एवढ्या शिव्या पहिल्याच दिवशी मी कुणाला पडलेल्या पाहिल्या नाहीत.”

मॅनेजरचं काम तसं सरळ. माइकवरून समोरच्या पैलवानाला आणि त्याच्या गावाला हिणवायचं, रेफ्रीला बोलण्यात गुंतवायचं, आणि आपला माणूस हरायला लागला की दोरीखालून चांगल्या पैलवानाचा पाय ओढायचा. माझं खास हत्यार म्हणजे तिखटाची पुडी. पुडीत असायची विटकरी रांगोळी, चाळणीने चाळलेली. ती डोळ्यांत नाही, छातीवर टाकायची. ज्याच्यावर पडेल त्याने डोळे गच्च मिटून लोळायचं. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात म्हणून तिथला खेळ शुक्रवारी असायचा. मी शाळेत अर्धी रजा टाकायचे आणि कारण लिहायचे ‘घरगुती’. तिथल्या विणकरांना नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली कुस्ती ओळखायला येते, तरीही ते घसा बसेपर्यंत ओरडायचे. अशा लोकांसाठी वाईट व्हायला मजा येते.

माझा पैलवान डोंगरातल्या पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. द्राक्षाच्या हंगामात मजुरीला आला होता, वस्तादांनी त्याचे खांदे पाहिले आणि ठेवून घेतला. इतका भिडस्त माणूस मी पाहिलेला नाही. समोरच्याला आपटल्यावर तो हळूच विचारायचा, ‘लागला का?’ आणि ते ऐकू जाऊ नये म्हणून मला बाहेरून जोरात किंचाळावं लागायचं. मला तो ताई म्हणायचा. रिंगमध्ये तो माझ्या इशाऱ्यावर नाचणारा राक्षस, आणि टेम्पोत पाय आखडून बसणारा, खिडकीची जागा मला देणारा.

मग कुणीतरी त्याचा व्हिडिओ पाड्यावर नेला. बापाने फोनवर पाहिलं, आपला मुलगा पडलेल्या माणसाला लाथा घालतोय आणि एक रंगवलेली बाई खदाखदा हसतेय. तेव्हापासून दोन वर्षं बाप त्याच्याशी बोलला नाही. घरी गेला की ताटात भाकरी पडायची, शब्द पडायचा नाही. पैलवानाने एकदा धीर करून सांगितलं, बाबा, ते सगळं ठरलेलं असतं, खरं नाही. बाप भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “म्हंजे लोकांना फसवतो. ते आनखी वेगळा.” दोन वर्षांतलं बापाचं तेवढंच वाक्य.

भातकापणी झाल्यावर आमचा खेळ पेठला लागला. गावातल्यांनी आग्रह केला म्हणून बापाने यायचं कबूल केलं. पैलवान माझ्याकडे आला. मी दाखल्यांवर शिक्के मारत होते. तो दारातच उभा राहिला. “ताई, एकदा मला चांगला कर. फक्त पेठला.”

वस्ताद तयार झाले. ठरलं असं की मी पुडी काढली की त्याने माझा हात धरायचा, आता पुरे म्हणायचं आणि मला एक थोबाडीत द्यायची. मी रडत पळायचं. नाशिकरोडच्या शेडमध्ये आम्ही सराव केला. हात गालाजवळून जाताना त्याने पाय फळीवर आपटायचा, आवाज फळीचा. तो हात अर्ध्यातूनच मागे घ्यायचा, आणि मी म्हणायचे, अरे मार रे, मोठी बहीण आहे म्हणून काय झालं.

पेठची ती दुपार मला अजून धुक्यातूनच दिसते. ऊन होतं, पण पातळ, आणि डोंगर मैदानाच्या अगदी जवळ येऊन बसले होते. बाप पुढच्या रांगेत, पांढरी टोपी, गुडघ्यांवर हात. मी नेहमीसारखी गावाला नावं ठेवली. पुडी काढली. त्याने हात धरला, पुरे म्हणाला, आणि थोबाडीत अशी सुरेख बसली की फळीचा आवाज डोंगरापर्यंत गेला. शिट्ट्या, टाळ्या. आणि मग पुढून पाठीमागे सगळं मैदान गप्प होत गेलं.

बाप उठून रिंगजवळ आला होता. मुलाकडे त्याने पाहिलंही नाही. माझ्यापुढे हात जोडले. “बाई, माझा पोर चुकला. आमचे घरात बाईवर हात नाय टाकीत कोन. माफ कर त्याला.”

आम्ही तिघं शहाणे. त्या बापासाठी एवढा खेळ रचला, आणि बाप कसा आहे याचाच विचार केला नाही. त्याच्या मुलुखात लाथा, लबाडी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. पैलवानाचा चेहरा राखेसारखा झाला. खरं सांगावं तर ते फसवणं ठरतं, हे बापाने आधीच बोलून ठेवलेलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी काहीच नव्हतं, फक्त माइक हातात होता.

मी हसले. माझं ते नेहमीचं, लोकांना सोसवत नाही असं हसणं. “माफी कसली मागतोस म्हाताऱ्या? घेऊन जा तुझा पोरगा. याला लबाडी जमतच नाही. मी मार म्हटलं तर हा विचारतो, लागला का. इतकी वर्षं मी याला धाकात ठेवला म्हणून, नाहीतर हा माझ्या काय कामाचा?” आणि सगळी पुडी मी पैलवानाच्या तोंडासमोर उधळली.

तो गुडघ्यांवर कोसळला, डोळे गच्च मिटून, शिकवलं होतं तसं. म्हातारा दोरीखालून आत कसा शिरला कोण जाणे. मुलाचं डोकं त्याने छातीशी धरलं, डोक्याची टोपी काढून त्याचं तोंड पुसायला लागला, पाणी आणा, पाणी आणा म्हणत. पैलवान रडत होता. तेवढं कुणी शिकवलं नव्हतं. मला बघायचं होतं, पण चपला यायला लागल्या होत्या. एक कानाजवळ लागली. मी टोप धरून टेम्पोकडे पळाले, आणि पळताना इतकी सुखात होते की पाय जमिनीला लागल्याचं आठवत नाही.

त्यानंतर पैलवान बापाला खरं सांगायचं म्हणून माझ्या मागे लागला. मी बजावलं, एक शब्द बोललास तर खरी थोबाडीत देईन. पुढे वर्षभराने मी रिंगचं काम सोडलं, गुडघा धरायला लागला होता. त्याने गावाकडे लग्न केलं. मला बोलावलं, मी गेले नाही. कशी जाणार?

मागच्या महिन्यात पेठला शाळेच्या ट्रेनिंगला गेले होते. परतीच्या एसटीत चष्मा लावून, सुती ड्रेसमध्ये बसले होते, आणि शेजारी तो म्हातारा येऊन बसला. टोपी, गुडघ्यांवर हात. मी खिडकीकडे तोंड वळवलं. त्याने ओळखलं नाही. घाटात गाडी हळू झाली तसा आपणहून बोलायला लागला. मुलाकडे नाशिकला चाललोय म्हणाला. मुलगा दर पंधरा दिवसांनी घरी येतो, रात्री बापाच्याच बाजूला अंथरूण टाकतो.

“चांगला आहे मुलगा,” मी हळू आवाजात म्हणाले.

“पहिल्यापासून चांगला. एका बाईने बिघडवला होता.” मग त्याने सगळं सांगितलं, रिंग, माझं हसणं, तिखट. “डोळे जाते माझे पोराचे. अशी बाई मी नाय पाहिली कधी. वाईट बाई.”

खिडकीबाहेर सगळा घाट पांढरा झाला होता. तो उत्तराची वाट बघत माझ्याकडे वळून बसला होता.

“लय वाईट,” मी म्हणाले.